डांबरी रस्ता आणि दातेरी टायर

वाचकहो, मे महिना सरत आला आणि वळवाचे दोन-चार सडाके पडून गेले, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि हमरस्त्याच्या कडेला टायरच्या दुकानांपुढे गाड्या उभ्या राहू लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलावेत हा शहाणपणाचाच विचार आहे. त्यात पिकअपवाले असतात, छोट्या ट्रकचे मालक असतात, भाजीपाला, दूध, गूळ, खत, सिमेंट वाहणारी मंडळी असतात. बहुतेकांची गाडी कर्जावरची. तिच्या चार टायरांना जे पैसे पडतात ते महिन्याच्या कमाईतून बाजूला काढताना घाम फुटतो. म्हणूनच टायर कोणता घ्यावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. पैशाच्या दृष्टीने नाही, आणि जिवाच्या दृष्टीने तर मुळीच नाही.

गेल्या काही वर्षांत या दुकानांतून एका टायरला फार मागणी आली आहे. मोठमोठे दात, रुंद खाचा, कडेला दणकट गठ्ठे आणि बाजूवर पांढरी अक्षरे. दुकानात त्याला ‘ऑल टेरेन’ किंवा नुसते ‘ए. टी.’ म्हणतात. म्हणजे सर्व तऱ्हेच्या जमिनीवर चालणारा टायर. नाव ऐकले की कोणालाही वाटावे, सगळीकडे चालतो तर मग हाच का घेऊ नये? आमच्या पुतण्यालाही तसेच वाटले होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या पिकअपला टायर घालायची वेळ आली, तेव्हा मला दुकानात ओढत नेऊन तो म्हणाला, “तात्या, बघा की कसला दिसतोय! ह्यो घातला की गाडी पाणंदीतनं बी सुटंल आणि हायवेला बी पळंल.” मी आयुष्य गाड्यांच्या संगतीत काढलेले, तरी त्या टायरच्या रुबाबाला भुललो आणि होय म्हणून बसलो. त्याचे पुढे काय झाले ते सांगेनच. पण आधी टायर जमिनीला धरतो म्हणजे नेमके काय करतो, ते समजून घेऊ.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट कुस्तीच्या दाखल्याने चटकन पटेल. तांबड्या मातीत पैलवानाचा पाय रुततो, बोटे मातीत शिरतात आणि त्या रुतण्यातून त्याला जोर मिळतो. मॅटवर बोटे रुतवायला जागाच नसते. तेथे तळव्याची किंवा बुटाची जेवढी जास्त जागा मॅटला चिकटेल तेवढा पाय ठरतो. मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. पुढे मॅटची सवय करून १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. माणूस तोच, ताकदही त्याचीच, पण मातीचा पाय वेगळा आणि मॅटचा पाय वेगळा.

टायरचेही तसेच आहे. चिखलात, मऊ मातीत, मुरमावर टायरचे दात जमिनीत घुसतात आणि मातीला मागे रेटून गाडी पुढे नेतात. तेथे दात मोठे हवेत, दातांमधल्या खाचा रुंद हव्यात. खाच अरुंद असली तर चिखल तिच्यात गच्च बसतो, बाहेर फेकला जात नाही आणि दोन मिनिटांत टायरचा गोटा होतो. डांबरी रस्त्यात मात्र दात घुसूच शकत नाहीत. तेथे पकड मिळते ती रबर रस्त्याच्या खडबडीत कणांवर दाबले जाऊन त्यांच्याशी मिळते-जुळते होते म्हणून. तेथे जितके जास्त रबर रस्त्याला टेकेल तितके चांगले. शर्यतीच्या मोटारी कोरड्या रस्त्यावर बिननक्षीचे, अगदी गुळगुळीत टायर लावून पळतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण कारण हेच आहे.

मग आपल्या टायरला नक्षी कशासाठी? तर पावसासाठी. रस्त्यावर पाण्याचा थर असला की ते पाणी टायरखालून निसटायला वाट पाहिजे. वाट मिळाली नाही तर टायर पाण्यावर तरंगल्यासारखा होतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. म्हणून डांबरावरच्या टायरला सरळ उभ्या खाचा असतात, आणि त्यांच्या जोडीला सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. खाचा पाणी वाहून नेतात, आणि चिरांच्या धारा उरलेला ओलावा पुसून काढतात. ट्रकवाले ज्याला ‘रिब’ म्हणतात तो हा प्रकार. मागच्या चाकांना आडव्या जाड दातांचा जो टायर घालतात तो ‘लग’. या दोहोंच्या मधला तो ‘सेमी लग’. पिकअप आणि जीपच्या मापांत हीच विभागणी वेगळ्या नावांनी येते. निव्वळ रस्त्याचा तो एच. टी., निव्वळ चिखलाचा तो एम. टी., आणि दोहोंच्या मधला तो हा ए. टी.

आता मधला म्हणजे दोन्हीकडचा, हे जितके खरे, तितकेच मधला म्हणजे दोन्हीकडे थोडा उणा, हेही खरे. ए. टी. टायरच्या खाचा रुंद, म्हणून डांबराला टेकणारे रबर कमी. जे टेकते ते सुट्या सुट्या ठोकळ्यांनी. ब्रेक दाबला किंवा वळण घेतले की हे उंच ठोकळे वाकतात, थरथरतात. त्यातून घूं घूं असा आवाज येतो. ठोकळ्याची एक कड जास्त झिजते, दुसरी कमी झिजते, आणि आवाज आणखी वाढतो. शिवाय दगडाने कापू नये म्हणून या टायरचे रबर पुष्कळदा चिवट बनवलेले असते, आणि चिवट रबराची ओल्या डांबरावरची पकड मऊ रबराइतकी नसते. टायर वजनाने जड असतो, लोळताना जास्त विरोध करतो, म्हणजे डिझेल जास्त खातो. हे काही कोणा कंपनीचे दोष नव्हेत. ज्या कामासाठी तो बनवला त्या कामाची ती किंमत आहे. प्रश्न एवढाच, की ते काम आपल्याला आहे का?

याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरी बसून, वहीत लिहून काढावे लागते. एक उदाहरण करून पाहू. समजा, तुमची पिकअप रोज गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या गावातून भाजी घेऊन कोल्हापूरच्या बाजार समितीत येते आणि परत जाते. जाऊन-येऊन ९० किलोमीटर धरा. यातली शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद दोन किलोमीटर, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून चार. वर्षाला ३०० दिवस गाडी चालली तर एकूण धाव २७,००० किलोमीटर, आणि त्यातली पाणंदीची १,२०० किलोमीटर. पण पाणंद बारा महिने चिखलाची नसते. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती वाळलेली, टणक असते आणि तिच्यावर कोणताही धड टायर चालतो. खरा चिखल चार महिने. म्हणजे ४०० किलोमीटर. २७,००० पैकी ४००! शंभरातले दीड. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव किलोमीटर गाडी डांबरावर किंवा टणक जमिनीवर आहे, आणि आपण टायर निवडतो आहोत तो दीड किलोमीटरसाठी.

आता दुसरी बाजू मांडू. समजा, टायर बदलल्यामुळे गाडीचे ॲव्हरेज लिटरला १२ किलोमीटरवरून साडेअकरावर आले. वर्षाला २,२५० लिटर डिझेल लागत होते, ते सुमारे २,३५० लिटर लागू लागेल. शंभर लिटरला थोडे कमीच जादा. लिटरचा दर ९० रुपये धरला तर वर्षाला जवळजवळ ८,८०० रुपये गेले. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही काढा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, चार दिवस चालवा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा आणि भागाकार करा. असे तीन-चार वेळा केले म्हणजे खरा आकडा हाती येतो. चहाच्या टपरीवर सांगितल्या जाणाऱ्या ॲव्हरेजवर मात्र विसंबू नका.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची आहे. गाडी थांबायला किती अंतर घेते हे रस्ता आणि टायर यांच्यातल्या पकडीवर अवलंबून असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावरून शेजारी शेजारी येत आहेत अशी कल्पना करा. एकीच्या टायरची पकड दुसरीपेक्षा पाचातला एक भाग कमी आहे. पुढे म्हैस आडवी आली आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. चांगल्या पकडीची गाडी, समजा, २८ मीटरवर थांबली. तर दुसरीला ३५ मीटर लागतील. सात मीटरचा फरक. म्हणजे एका पिकअपच्या लांबीहूनही जास्त. तुम्ही म्हणाल, सात मीटरचे काय एवढे? पण हिशेब इथेच संपत नाही. पहिली गाडी ज्या जागी निश्चल उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी जात असते तेव्हा तिचा वेग अजून ताशी २७ किलोमीटर असतो. त्या जागी म्हशीऐवजी शाळेतून सायकलवर घरी निघालेली पोर असली तर? पाचातला एक भाग हा आकडा कागदावर लहान दिसतो, रस्त्यावर तो लहान राहत नाही.

आता आमच्या गाडीचे सांगतो. टायर घातले मे महिन्यात. कोरड्या रस्त्यावर आवाजापलीकडे काही जाणवले नाही. उलट मुरमावर गाडी झकास चाले आणि पुतण्या खुशीत होता. जूनच्या पहिल्या पावसात आम्ही टोमॅटो भरून कोल्हापूरकडे येत होतो. पहिल्या पावसाचा डांबरी रस्ता हा सर्वांत दगाबाज. वर्षभराचे तेल, धूळ आणि घासलेले रबर पाण्यात कालवून त्याचा बुळबुळीत लेप झालेला असतो. उताराच्या एका वळणावर पुढे एस. टी. थांबलेली दिसली. पुतण्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी शांतपणे सरकत राहिली. आवाज नाही, धक्का नाही. तो सरकण्याचा शांतपणाच भयंकर होता. त्याने स्टिअरिंग डावीकडे घेतले म्हणून एस. टी. वाचली. आम्ही गटारीत गेलो आणि अर्धे टोमॅटो रस्त्यावर. माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण एस. टी.च्या मागच्या दाराशी दोन बायका कडेवर पोरे घेऊन उतरत होत्या, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

यात सगळा दोष टायरचा होता असे मी म्हणणार नाही. वेग जास्त होता, माल जास्त होता, आणि नवीन टायर पहिले काही शे किलोमीटर जपून चालवायचा असतो हेही आम्ही विसरलो होतो. पण आमच्या गाडीच्या साऱ्या धावेत खरा चिखल किती, हा हिशेब मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता. तो त्या रात्री केला.

मग हा टायर कोणीच घेऊ नये काय? तसे नव्हे. आपल्या जिल्ह्याची जमीन एकसारखी नाही. पूर्वेला शिरोळकडे सपाट काळी रानं आणि बेताचा पाऊस. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या बाजूला डोंगर, जांभा दगड आणि धुवाधार पाऊस. ज्याची गाडी गळिताच्या हंगामात थेट उसाच्या फडात शिरते, ज्याला राधानगरीच्या डोंगरात खाणीच्या वाटा तुडवायच्या आहेत, जो वाडीवस्तीवर सडक नसलेल्या ठिकाणी रोज माल पोचवतो, त्याला दातेरी टायर हवाच. तेथे साधा रस्त्याचा टायर धारदार खडीने कापला जाईल, बाजूने फाटेल, आणि भर रानात गाडी अडकली तर दिवसाची मजुरी, माल आणि नाव तिन्ही जातील. माझ्या मते ठोकताळा असा, की एकूण धावेतला चौथा हिस्सा किंवा जास्त रस्ता खराब असेल तर ए. टी.चा विचार जरूर करावा. दहातला एक हिस्साही नसेल तर रस्त्याचाच टायर घ्यावा. मधल्यांनी दोन्हींच्या मधला पाहावा. ए. टी. म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांतही दोन जाती असतात. काहींच्या मधल्या पट्ट्यात ठोकळे जवळजवळ, चिरा भरपूर, आणि दात फक्त खांद्यावर मोकळे असतात. काही मात्र सगळीकडून चिखलाच्या टायरसारखे उघडे. डांबरावर जास्त आणि पाणंदीत थोडे चालणाऱ्याने पहिली जात घ्यावी. मधल्या पट्ट्यावर हात फिरवा. रबर जास्त लागते की पोकळी जास्त लागते, ते हाताला कळते.

पाणंदीतल्या त्या दीड टक्क्याचे काय करायचे, असे कोणी विचारील. त्याला टायरखेरीज दुसरे उपाय आहेत, आणि ते आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आले आहेत. पाऊस लागून राहिला असेल तर गाडी सडकेवरच उभी करून माल ट्रॅक्टरने किंवा बैलगाडीने तेवढा आणावा. चिखलात शिरण्यापूर्वी खाली उतरून पायाने वाट पाहावी. जिथे माणसाचा पाय घोट्याच्या वर रुततो तिथे माल भरलेली पिकअप जाणार नाही, मग टायर कोणताही असो. गाडीत एक फावडे, दोन फळ्या आणि चार रिकामी पोती ठेवावीत. उसाचे पाचट चाकाखाली घातले तर रुतलेली गाडी बरेचदा सुटते. मात्र वाळके पाचट गरम सायलेन्सरला लागू देऊ नका, पेट घेते. आणि चाक जागच्या जागी फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडा. रेटत राहिलात तर चाक स्वतःची कबर स्वतःच खणते.

आणखी एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. दातेरी टायर पाण्यातून गाडी काढतो, हा समज जीवघेणा आहे. आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि त्यांच्यावरून माणसे-गाड्या ये-जा करतात. बंधाऱ्यावर पाणी आले की तेथे टायरच्या दातांना धरायला काही नसते, आणि वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे–बेंगळुरू महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता. जेथे महामार्गाने हात टेकले तेथे आपल्या चार टायरांनी फुशारकी मारू नये. पाणी ओसरेपर्यंत थांबणे, एवढाच उपाय.

आता टायर घेताना काय पाहावे ते सांगतो. टायरच्या बाजूवर सगळी कुंडली छापलेली असते, फक्त वाचता आली पाहिजे. समजा ‘२१५/७५ आर १५’ असे लिहिले आहे. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७५. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ हे रिमचे माप इंचांत. पुढे ‘१०८/१०४’ असे आकडे आणि एखादे अक्षर असते. हे आकडे किलो नव्हेत, खुणेचे आहेत. १०८ म्हणजे एका टायरवर १,००० किलो आणि १०४ म्हणजे ९०० किलो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘एल’ म्हणजे ताशी १२०, ‘एन’ म्हणजे १४०, ‘क्यू’ म्हणजे १६० किलोमीटर. पिकअपला टायर घेताना नक्षी पाहण्याआधी हा वजनाचा आकडा पाहा. मोटारीचा टायर मापाने पिकअपला बसतो, पण वजनाने बसत नाही.

रुबाबासाठी मोठ्या मापाचा टायर बसवू नका. वरच्याच उदाहरणात २१५ च्या जागी २३५ चा घातला तर चाकाचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटरने, म्हणजे शेकडा चारने वाढतो. मीटर ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगाने पळत असेल. चढाला इंजिन दमेल, ब्रेकवर ताण येईल, पूर्ण वळणात टायर मडगार्डला घासेल. कंपनीने गाडीसाठी मान्य केलेलेच माप घ्यावे.

मग टायरचे वय पाहा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२२२४’ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते. स्वस्तात मिळतो म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर घेण्यात शहाणपण नाही. आय. एस. आय.ची खूण असल्याशिवाय टायर घेऊ नका. २०२२ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, लोळताना होणारा विरोध आणि आवाज यांच्यासाठी मर्यादा ठरवून दिल्या. दुकानदाराला या तिन्ही गोष्टी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो नुसते “काका, टायर एक नंबर आहे” म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात विचारा.

टायर बसवून झाले की काम संपले असे समजू नका. एकाच ॲक्सलवर दोन तऱ्हेचे टायर, एक रेडियल आणि एक नायलॉन, एक नवा आणि एक झिजलेला, असे कधीही घालू नका. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. मोठ्या ट्रकला पुढे रिब आणि मागे लग घालायची रीत आहे आणि तिला कारण आहे, कारण पुढची चाके वळवतात आणि मागची ढकलतात. पण पिकअपसारख्या हलक्या, पुष्कळदा रिकाम्या परतणाऱ्या गाडीला चारी चाके सारखी असलेली बरी. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ती सारखी असलीच पाहिजेत.

हवा मात्र रोजच्या जेवणासारखी सांभाळा. दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळी हवा दिलेली असते, तीच भरावी, आणि टायर थंड असताना मोजावी. कमी हवा, जादा माल आणि वेग ही तीन एकत्र आली की टायर आतून तापतो, त्याचे थर सुटतात आणि तो फुटतो. चिखलातून निघायला थोडी हवा सोडण्याची युक्ती काही जण वापरतात. ती रिकाम्या गाडीला क्वचित चालेल, पण सडकेवर येताच हवा भरल्याशिवाय पुढे हलू नका. दातांमध्ये अडकलेले खडे आठवड्याला एकदा स्क्रू-ड्रायव्हरने काढा. आठ-दहा हजार किलोमीटरला चाके पुढची मागे, मागची पुढे करा, अलाइनमेंट पाहून घ्या.

आणि शेवटचे, टायर केव्हा टाकायचा? खाचांच्या तळाशी रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. कायद्यानेही आणि व्यवहारानेही. पण घाटात पावसात चालणाऱ्याने त्या घडीची वाट पाहू नये. खाच ३ मिलिमीटरवर आली असेल तर पावसाळ्यापूर्वीच बदलावा. करूळच्या किंवा आंब्याच्या घाटात, धुक्यात, भरल्या गाडीने उतरताना गोटा झालेल्या टायरवर वाचवलेले पैसे कोणालाही आठवत नाहीत.

आमच्या पिकअपला आता साधे रस्त्याचे टायर आहेत. दिसायला अगदी बेताचे. पुतण्याचे मित्र त्याला चिडवतात, “भावा, म्हाताऱ्याचे टायर घातलास काय रं?” तो हसतो आणि गाडी चालू करतो. पावसाळ्यात पाणंद फार बिघडली की तो सडकेवर थांबतो आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर माल आणून देतो. त्याला चार पैसे द्यावे लागतात, ते डिझेलच्या बचतीतून निघतात. उताराच्या त्या वळणावर आला की तो आजही गिअर खाली घेतो. एस. टी. तिथे थांबलेली असो वा नसो.

तेव्हा वाचकहो, यंदा टायर घ्यायला निघण्याआधी एक वही घ्या. आठवडाभर, गाडी कोठून कोठे गेली, डांबर किती, मुरूम किती, चिखल किती, ते रोज रात्री लिहा. ते पान घेऊन दुकानात जा. कोणता टायर घ्यायचा ते त्या पानावरच लिहिलेले असेल.